काठावरचं बोट

त्या वर्षी आमच्या कॅनडातल्या नॉर्थ यॉर्कच्या अपार्टमेंटमध्ये दोन वास कायमचे वस्तीला होते. एक लसणाच्या फोडणीचा आणि दुसरा क्लोरीनचा. पहिला माझ्या जॅकेटला चिकटून शाळेपर्यंत यायचा आणि त्याची मला लाज वाटायची. दुसऱ्याची सरळ किळस यायची. वॉशरूममध्ये शॉवरच्या नळावर आईचा पोहायचा कॉस्च्युम टांगलेला असायचा, काळा, कोपरापर्यंत बाह्या आणि गुडघ्यापर्यंत पाय असलेला, आणि त्याच्या दोन्ही पायांतून टबात पाणी गळत राहायचं. अंघोळीला गेलं की आधी तो चिमटीत धरून बाजूला करायचा. गार, बुळबुळीत, जडशीळ. मग मी तो हात साबणाने धुवायचे, आणि तो साबण आधी कोणी वापरला असेल या विचाराने पुन्हा धुवायचे.

किळस हा माझा स्वभावच होता. दुधावरची साय, कंगव्यात अडकलेले दुसऱ्याचे केस, सिंकच्या जाळीतली भाताची शितं, बसमधल्या खांबाचा कोमट स्पर्श, काहीही पुरायचं. नागपुरात असताना मी नुसतं ‘शी’ म्हणायचे. कॅनडात आल्यावर शाळेत मला ‘ग्रोस’ हा शब्द सापडला आणि मी तो उठताबसता वापरायला लागले. बाबांना शब्दांवर कोट्या करायची भारी हौस. त्यांनी माझं नावच ‘ग्रोसरी’ ठेवलं. ‘ग्रोसरी उठली का? ग्रोसरीला चहा दे गं.’ पाहुण्यांपुढे सुद्धा. माझं खरं नाव रेवा आहे हे निम्म्या मराठी मंडळींना ठाऊक नसावं.

खरं तर घरात सगळ्यात किळसवाणा आवाज त्यांचाच होता. सकाळी उठले की जीभ घासणं, मग खाकरणं, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि मग पुन्हा पोटाच्या तळातून काहीतरी उपसून काढल्यासारखं खाकरणं. त्या बिल्डिंगच्या भिंती पापडाएवढ्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा लिफ्टमध्ये आईला हळूच विचारलं, तुमच्याकडे कोणी आजारी आहे का. आई म्हणाली, ‘नो नो, ही इज व्हेरी हेल्दी.’ मी लिफ्टच्या कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहिले. आता माझी चाळिशी उलटली, एडमंटनला माझं स्वतःचं घर आहे, त्यात दोन वॉशरूम आहेत आणि भिंती जाड आहेत. तरी कुठे कोणी घसा साफ केला की माझे खांदे आपोआप वर जातात.

आई नागपूरची. तिने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विमानाच्या खिडकीतून, कॅनडाला येताना. बाबा साताऱ्याकडचे, विहिरीत पोहायला शिकलेले. पाठीला रिकामा डबा बांधून काकाने ढकलून दिलं होतं म्हणे, आणि वर आले ते पोहतच. ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की डबा पाण्यावर आपटल्याचा आवाज ते कुठे काढणार हेही पाठ झालं होतं. आईने कम्युनिटी सेंटरमध्ये बायकांच्या सकाळच्या पोहण्याच्या क्लासला नाव घातलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्हैस एकदा पाण्यात शिरली की बाहेर निघत नाही, बघ हं.’ हेही चारचौघांत म्हणाले. लोक हसले, आईही हसली. मला तेव्हा तिच्या हसण्याचीही किळस आली.

का शिकतेस, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती पोळ्या लाटत होती. ‘पाय टेकत नाहीत अशा पाण्यात एकदा जाऊन पाहायचंय,’ ती म्हणाली. ‘खऱ्या समुद्रात. बस, एवढंच.’ मग तव्यावरची पोळी उलटून म्हणाली, ‘हसू नको.’ मी हसले नव्हते. तिच्या हाताला क्लोरीनचा वास येत होता आणि त्याच हातांची पोळी मला खायची होती, मी त्या काळजीत होते.

शाळेला सुट्टी होती म्हणून एका सकाळी तिने मला बरोबर नेलं. ती चेंजिंग रूम मी अजून विसरलेले नाही. ओली फरशी, जाळीत केसांचे गुंते, भिंतीकडेला कोणाच्या तरी गुडघ्यावरून सुटलेली पट्टी तरंगत चाललेली, आणि सत्तरीच्या गोऱ्या बायका अंगावर चिंधी नसताना निवांत गप्पा मारत उभ्या. मी टाचांवर चालत पूलपर्यंत पोचले आणि बाकाच्या अगदी कडेला टेकले. आई हनुवटी वर धरून, फू फू करत, एका काठावरून दुसऱ्या काठाकडे निघाली होती. दिसायला वाईटच दिसत होतं, पण ती पोहत होती, यात शंका नाही. त्यांना शिकवणारी डोना नावाची बाई होती, शिट्टीशिवाय बोलत नसे. त्या दिवशी तिने कोणी बुडत असेल तर काय करायचं ते शिकवलं. आपण उडी मारायची नाही. एकाने त्या माणसाकडे हात लांब करून बोट दाखवायचं आणि नजर हलवू द्यायची नाही, कारण पाण्यात डोकं एकदा हरवलं की सापडत नाही. दुसऱ्याने मदतीला पळायचं. ‘तू मागे उडी मारलीस तर मला दोन माणसं शोधावी लागतील,’ असं ती आईला म्हणाली. आईने घरी येऊन ते आम्हाला करून दाखवलं. कढी ढवळायचा डाव डाव्या हातात, उजवा हात ताठ, बोट सरळ फ्रिजकडे. बाबा पेपरामागून म्हणाले, ‘फ्रिज बुडतोय का?’

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबांच्या कंपनीने त्यांना कामासाठी स्पेनला पाठवलं. त्यांनी मागे थोडी रजा जोडली आणि आम्हाला बोलावून घेतलं. भूमध्य समुद्र. शाळेत भूगोलाच्या वहीत आईने त्याचा नकाशा काढला होता, रंगवलाही होता, असं ती विमानात मला सांगत राहिली. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते, कारण शेजारच्या माणसाने बूट काढले होते.

चित्रातला भूमध्य समुद्र निळा असतो. आम्ही उतरलो होतो त्या गावाजवळचाही निळाच होता, पण त्याच्यापर्यंत पोचायला किनाऱ्यावर साचलेल्या तपकिरी समुद्रगवताचे ढीग ओलांडावे लागायचे. ओलं, कुजकं, पायाखाली फसफसणारं, त्यावर बारीक माश्यांचे थवे, आणि वास असा की नाक दाबूनच चालावं. हॉटेलातल्या बाईने सांगितलं की हे गवत म्हणजे पाणी स्वच्छ असल्याची खूण. असेल. त्याच बाईने आईला किनाऱ्याची माहिती देणारा कागद दिला होता. हिरवा झेंडा म्हणजे पाण्यात जा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे जायचं नाही. आईने तो नीट वाचला आणि पर्समध्ये ठेवला. बाबा म्हणाले, ‘समुद्रात जायला सिग्नल लागतो होय?’

पहिल्या दिवशी आम्ही आवरून निघेपर्यंत दुपार झाली, कारण आई तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतल्याशिवाय कुठेही जात नाही. स्पेनमध्ये सुद्धा स्टीलचा डबा. वारा होता, पण तो पाठीमागून, गावाकडून समुद्राकडे वाहणारा, त्यामुळे काठावरचं पाणी ताटात ओतल्यासारखं सपाट होतं. माणसं वाळूवर भरपूर, पाण्यात कोणीच नाही. मला कयाक, ती एकट्याने वल्हवायची होडी, चालवायची होती, घरून निघाल्यापासून मी तेवढ्याच एका गोष्टीला हो म्हटलं होतं. पण कयाकवाल्याचं दुकान बंद, कयाक एकावर एक रचून साखळीने बांधलेल्या. ‘आज का बंद असेल?’ आई म्हणाली. ‘दुपारी झोपतात हे लोक,’ बाबा म्हणाले आणि शेजारच्या दुकानातून त्यांनी पट्ट्यापट्ट्यांची हवेची गादी विकत घेतली. ती त्यांनी तोंडाने फुगवली. मधेमधे थांबून थुंकी पुसत. मी दुसरीकडे बघत होते.

काठावर उंच खांबावर झेंडा होता. उन्हाने विटलेला, कडा फाटलेला. आईने डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

‘अहो, लाल आहे ना तो?’

‘लाल कुठला?’ बाबा म्हणाले. ‘भगवा आहे. चक्क भगवा. मराठी माणसाला भगवा ओळखता येत नाही का? रेवा, कॅमेरा काढ.’

आणि खरंच, त्या विटलेल्या कापडाचा रंग भगव्याच्या फार जवळ गेला होता. परदेशात आपला झेंडा दिसला म्हणून माझे वडील, एका सॉफ्टवेअर कंपनीतले सीनियर माणूस, चड्डीवर, पोट सुटलेलं, काखेत हवेची गादी, त्या खांबाखाली छाती काढून उभे राहिले. मी फोटो काढला. आई म्हणाली, ‘कागदावर भगवा नव्हता. तीनच रंग होते. थांबा, मी त्या खुर्चीवरच्या पोराला विचारून येते.’ खुर्चीवर किनाऱ्याचा रक्षक बसला होता, बराच लांब, दुसऱ्या टोकाला. बाबा म्हणाले, ‘विहिरीत पोहणाऱ्याला ताटातल्या पाण्याची काय भीती?’ आधी त्यांनी पुरी खाल्ली. वाळू उडून चटणीत पडली होती, तरी कराकरा चावून खाल्ली, बोटं चाटली, तीच बोटं चड्डीला पुसली आणि गादी घेऊन पाण्यात उतरले.

गादीवर पडून त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्याने गाणं सुरू केलं. पहिल्यांदा ते ऐकू येत होतं. मग कमी कमी ऐकू यायला लागलं. मला वाटलं, बरं झालं, गायचं थांबले. आई उभी राहिली तेव्हा मी वर पाहिलं. गादी एवढीशी दिसत होती. पाठीमागचा वारा तिला फुंकर मारल्यासारखा आत ढकलत होता, आणि जिथे गावाचा आडोसा संपत होता तिथपासून पुढे पाणी सपाट राहिलं नव्हतं, पांढरं होत होतं. बाबा उठून बसायला गेले आणि गादी उलटली. ती रिकामी, हलकी, उड्या मारत पुढे निघून गेली आणि मागे फक्त एक काळा ठिपका राहिला.

मी गवताचे ढीग तुडवत धावले. गवत पोटरीपर्यंत आलं. मला त्याची शुद्ध नव्हती. पाण्यात पाय टाकणार तेवढ्यात मागून माझी वेणी ओढली गेली, इतकी जोरात की मी मागे बसलेच.

‘आत पाऊल टाकायचं नाही,’ आई म्हणाली. तो आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिचा उजवा हात ताठ समोर होता आणि बोट त्या ठिपक्यावर. ‘त्या खुर्चीकडे पळ. त्याला इथे माझ्याकडे बघायला सांग. मी नजर काढत नाही.’

मी पळाले. त्या पोराला मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग किनाऱ्यावर हात लांब करून उभ्या असलेल्या माझ्या आईकडे, मग तिच्या बोटाच्या रेषेत. शिट्टी वाजली. रबराची बोट पाण्यात ढकलली गेली आणि तो व त्याचा एक जोडीदार तीत बसले. ते मधेच वळून आईकडे बघायचे आणि तिचं बोट सरकेल तशी बोट वळवायचे. वाळूवरून मला तो ठिपका दिसत नव्हता. मधे कितीतरी वेळ मला वाटत होतं की आई नुसत्याच पाण्याकडे बोट दाखवते आहे. ती सलवार-कमीजमध्ये होती, आतून तो काळा कॉस्च्युम घातलेला, घातल्यापासून कोरडाच. ओढणी वाऱ्याने तोंडावर येत होती, तीही तिने बाजूला केली नाही. दातांत धरली.

बाबांना त्यांनी आणून गवताच्या ढिगावर टाकलं. टाकलं असंच म्हणावं लागेल. त्यांनी खारं पाणी ओकलं, चटणी ओकली, नाकातून शेंबूड लोंबत होता, केसांत गवत. तो पोरगा त्यांची पाठ चोळत होता आणि बाबा त्याचा हात झटकून इंग्रजीत सांगत होते, ‘आय नो स्विमिंग.’ पोराने खांबाकडे बोट केलं आणि तुटक्या इंग्रजीत म्हणाला, ‘रेड. रेड मीन्स नो.’ आई त्यांच्याजवळ बसली, पदराने पुसावं तसं ओढणीने त्यांचं तोंड पुसलं. मला ते सगळं पुसणं बघवत नव्हतं, तरी मीही गुडघे टेकून त्यांच्या केसांतलं गवत काढत होते. बाबांना श्वास आला तसं ते पहिलं वाक्य तिला म्हणाले.

‘बोट काय दाखवत होतीस? आत यायचं ना. इतके महिने पोहायला शिकलीस ते कशाला?’

आईने ओढणीचं दुसरं टोक घेऊन त्यांचं नाक पुसलं. माझ्या आयुष्यात मला हजार गोष्टींची किळस आली असेल. पण वाक्याची किळस येऊ शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

नंतरचे दिवस बाबांनी हॉटेलच्या बाल्कनीत काढले आणि आम्हालाही काढायला लावले. ‘बस झालं पोहणं, सगळ्यांचंच,’ असा हुकूम झाला होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी वारा पडला. झेंडा हिरवा होता, नवा कोरा, आणि पाण्यात पोरंसोरं खेळत होती. आई एकटी खाली गेली. ते कुजकं गवत अनवाणी ओलांडून घोटाभर पाण्यात उभी राहिली. मी वरून बघत होते. तिने सलवार गुडघ्यापर्यंत वर केली, मग खाली केली, मग पुन्हा वर केली. बाबांनी वरून हाक मारली, ‘अगं चल, बॅगा भरायच्यात.’ ती वळली आणि आली. पाय दोनदा धुतले तरी त्यांचा वास खोलीत राहिला.

घरी आल्यावर कॉस्च्युम प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. वॉशरूम कोरडी झाली. मला हवी होती तशी. आणि बाबांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली.

ज्याच्या त्याच्या बेसमेंटमध्ये, कागदी प्लेटा हातात धरून, ते ती सांगायचे. भगव्याचा भाग ते छान रंगवायचे, हशा व्हायचा. मग लाटा येऊन उंच व्हायच्या, दर वेळी थोड्या जास्त. ‘मी हातपाय मारतोय, आणि ही बाईसाहेब काठावर! अशी उभी, तुळशीबागेत साडी नेसवून पुतळा उभा करतात तशी.’ मग हात वर करून ते थांबायचे, सगळे त्यांच्याकडे बघेपर्यंत. ‘मला हवी होती बोट, आणि हिने दाखवलं बोट.’

लोक फुटायचे. हसून हसून कोणाच्या नाकातून सरबत यायचं. जोगळेकर काकू तर दर वेळी म्हणायच्या, ‘वहिनी, एकदा करून दाखवा ना, कशा उभ्या होतात.’ आणि आई करून दाखवायची. ओशाळं हसत, हात अर्धाच उचलून, पटकन खाली घेत. पनीरच्या भाजीवर तेलाचा थर साचलेला असायचा, कोणाच्या तरी मिशीला दही लागलेलं असायचं, आणि त्या सगळ्या माणसांच्या उघड्या तोंडांतला घास मला दिसायचा. मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून बसायचे.

गणपतीत जोगळेकरांच्याच बेसमेंटमध्ये जेवण होतं. आई कढी वाढत होती. बाबांनी गोष्ट सुरू केली, भगवा झाला, लाटा झाल्या, बोट झालं. काकू म्हणाल्या, ‘वहिनी, दाखवा ना.’

आईने कढीचा डाव पातेल्यात ठेवला. ओढणी मागे टाकली. उजवा हात वर केला, कोपरात न वाकवता, आणि बोट खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बाबांवर धरलं. लोक हसले. तिने हात खाली घेतला नाही. लोक आणखी थोडं हसले. तिची नजर हलली नाही, पापणी सुद्धा नाही, आणि हसू एकेका कोपऱ्यातून बंद पडत गेलं. घर तापवणाऱ्या फर्नेसचा आवाज ऐकू यायला लागला. बाबांनी प्लेट मांडीवरून खाली ठेवली. ‘झालं की,’ ते म्हणाले. मग म्हणाले, ‘अगं, बस झालं.’ तिचा हात आता थरथरायला लागला होता, पण सरळ होता. तेव्हाही तो असाच थरथरला असणार आणि असाच सरळ राहिला असणार.

‘बोट दाखवलं म्हणून बोट आली,’ आई म्हणाली. ‘झेंडा लाल होता. मी विचारलं होतं.’

मग तिने हात खाली घेतला, डाव उचलला आणि जोगळेकर काकूंना विचारलं, ‘कढी वाढू?’

ती गोष्ट बाबांनी पुन्हा सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. ते आता थकले आहेत, गुळण्यांचा आवाजही बारीक झालाय. आई एडमंटनला माझ्याकडे आली की बॅग उघडायच्या आधी विचारते, इथला पूल किती वाजता उघडतो. बर्फ असो, काही असो. खऱ्या समुद्रात, पाय टेकत नाहीत अशा पाण्यात ती अजून गेलेली नाही. आम्ही दोघी पुढच्या उन्हाळ्यात त्याच किनाऱ्यावर जाणार आहोत, कागद मी आधीच मागवून ठेवलाय आणि झेंड्याचे रंग पाठ केलेत. त्या गवतातून मला चालावं लागणार, या विचाराने आत्ताच अंगावर काटा येतो.

त्या गणपतीच्या जेवणानंतरच्या सोमवारी मी शाळेतून आले तर सगळ्या घरात क्लोरीनचा वास होता. शी. वॉशरूमच्या दारात बाबा उभे होते आणि नळावर टांगलेल्या त्या काळ्या कॉस्च्युमकडे बघत होते. टबात पाणी गळत होतं. त्यांनी हात पुढे केला, बहुतेक बाजूला करायला.

‘ओला आहे,’ स्वयंपाकघरातून आई म्हणाली. ‘हात लावू नका.’